पहिल्या दुधाचे आलू

हिंगोलीच्या कापसाच्या जिनामागच्या वस्तीत चतुराबाईला सगळे म्हशीवाली म्हणत. खरं तर म्हैस तिची नव्हती. म्हैस सासूची, द्वारकाबाईची. चतुराबाईच्या वाट्याला शेण, वैरण आणि घरोघर दूध घालणं एवढंच आलेलं. धार द्वारकाबाई स्वतः काढायची. सुनेच्या हाताला म्हैस पान्हा चोरते, असं तिचं म्हणणं. चतुराबाईने त्यावर कधी वाद घातला नाही. ती नरसी गावची लेक. बापाने सासरी पाठवताना एकच सांगितलं होतं, की तिथलं जे असेल ते आपलं म्हण. तिने म्हटलं.

नवरा रामकिशन जिनात कापसाच्या गाठी बांधायला होता. सकाळी भोंगा झाला की जायचा, संध्याकाळी भुवयांवर कापूस घेऊन परतायचा आणि जेवून आडवा व्हायचा. त्यामुळे घरात राज्य होतं ते द्वारकाबाईचं आणि तिच्या दुधाच्या नेमांचं.

हे नेम पुष्कळ होते. धार काढताना कुणी बोलायचं नाही. दूध उतू जाऊन निखाऱ्यावर पडलं, तर लगेच पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर म्हशीची कास पोळते. आणि दूध नासलंच, तर ते खायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही, मोरीत ओतायचं नाही. कुणाच्या पायाखाली येणार नाही असं, वाहत्या पाण्यात सोडून यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मुद्दाम दूध नासवण्याबद्दल काही नेम नव्हता, कारण असं कुणी करेल हे द्वारकाबाईच्या मनातच कधी आलं नव्हतं.

चिकाचे नेम वेगळे. म्हैस व्याली की पहिल्या चार-पाच दिवसांचं ते पिवळं, दाट दूध विकायचं नाही. आधी रेडकाचं पोट, मग देवापुढे वाटी, मग शेजारी. ज्याच्या घरी चीक जाईल त्याने भांडं रिकामं परत द्यायचं नाही. मूठभर दाणे घालून द्यायचे. आणि जिचं लेकरू गेलं असेल, तिला चीक द्यायचा नाही.

हा शेवटचा नेम चतुराबाईला बाविसाव्या वर्षी कळला. तिची आठ दिवसांची मुलगी गेली, त्याच महिन्यात म्हैस व्याली. द्वारकाबाईने साऱ्या आळीत चीक वाटला, घरात खरवस लावला, रामकिशनच्या ताटात वाढला. सुनेच्या ताटात वाढला नाही. चतुराबाईने विचारलं नाही. शेजारणीने आडून विचारलं, तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, नेमच आहे तसा. पुढे चतुराबाईला मूल झालं नाही. म्हैस व्यायची, तिची लेक चांदी मोठी झाली, तीही व्यायला लागली. अकरा वर्षांत चतुराबाईच्या जिभेला चीक लागला नव्हता.

जिनाचे मॅनेजर पारशी होते. त्यांचा बंगला जिनाच्या आवारातच, आणि बंगल्यामागचा उतार उतरलं की कयाधू नदी. चतुराबाई तिथे नऊ वर्षं दूध घालत होती. बेचाळीस सालच्या दिवाळीला बंगल्याचा बावर्ची हैदराबादला गेला तो तिकडेच, लढाईच्या कुठल्याशा छावणीत नोकरी धरून राहिला. मॅनेजरच्या बाईसाहेबांनी चतुराबाईलाच विचारलं, स्वयंपाकाचं बघशील का. द्वारकाबाईने दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर हो म्हटलं: त्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही. तेव्हापासून चतुराबाई आपला तांब्या सोबत न्यायची आणि मागच्या पायरीवर झाकून ठेवायची.

तिथलं काम तिला लवकर जमलं. बाईसाहेबांचे काही पदार्थ चुलीवर शिजत नसत, भाजले जात. कल्हईच्या पातेल्याखाली मंद निखारे, वर सपाट झाकण आणि झाकणावरही निखारे. बाईसाहेब हे समजावून सांगायला लागल्या तर चतुराबाईने मान हलवली. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजणाऱ्या बाईला वरची आच आणि खालची आच निराळी सांगावी लागत नाही.

कार्तिक संपता संपता बंगल्यात पेरीन आली. बाईसाहेबांची एकुलती एक लेक. लहानपणी ती इथेच वाढली, जिनातल्या बायकांच्या पोरींबरोबर कापसाच्या ढिगावर खेळली, आणि त्यांच्यासारखंच बोलायची. मग पुण्याला बोर्डिंगात गेली, मग लग्न होऊन मुंबईला. आता तिला टांग्यातून दोघांनी धरून उतरवलं. चतुराबाईने दुरून पाहिलं. शालीत गुंडाळलेली, मान खाली. बाईसाहेबांनी सांगितलं, ताप आहे. खोलीचं दार तेव्हापासून लोटलेलंच असायचं. आत गेलेलं ताट तसंच परत यायचं; भातावर चमच्याची खूणसुद्धा नसायची. रोज ते ताट गड्याच्या पोरांना जायचं आणि रोज बाईसाहेब त्या पोरांना ते खाताना दारात उभ्या राहून बघायच्या.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. मग एका बुधवारी पहाटे चांदी व्याली. मादी रेडकू, वगार झाली. द्वारकाबाई त्या दिवशी हसली, म्हणजे दोनदा हसली. चांदीचं दूध आणखी पाच दिवसांनी सुरू होईल हे सांगायला गुरुवारी सकाळी चतुराबाई बंगल्यावर गेली, तर बाईसाहेब लेकीच्या खोलीत. म्हणून ती आपल्या कामाला लागली आणि तिने जाळीचं कपाट उघडलं.

आत ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिने फडकं सोडलं. पिवळी, घट्ट, साबणाच्या वडीसारखी वडी. लोणी नव्हे, लोणी ती ओळखायची. तिने नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. नासलेलं दूध. नुसतं नासलेलं नव्हे, नासून, आटून, वाळून दगड झालेलं. असलं दूध या घरात, स्वच्छ कपाटात, फडक्यात बांधून जपून ठेवलेलं, आणि पलीकडच्या खोलीत पोरगी वीस दिवस अन्नाला शिवत नाही. हे कुणी ठेवलं, काहून ठेवलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. पोरगी का खात नाही याचं उत्तर आपल्या हातात आहे असं तिला वाटलं.

तिने वडी पदराखाली घेतली, उतार उतरली, कयाधूच्या धारेत गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि वडी हलकेच सोडली. हात जोडले. मागे वळून न बघता वर आली. फडकं धुऊन वाळत घातलं. कपाट राखेने घासलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी चांगलं केल्यासारखं तिला वाटत होतं.

दुपारच्या स्वयंपाकाला बाईसाहेब आल्या, त्या बटाटे घेऊन. आज त्यांची पावलं हलकी होती. त्यांनी कपाट उघडलं, रिकामा कप्पा बघितला, खालचा कप्पा बघितला, पुन्हा वरचा.

“चतुरा, इकडे फडक्यामधी होता, ते कुठे गेला?”

चतुराबाईने सांगितलं. नदीत सोडलं म्हणाली. रीतीप्रमाणे सोडलं, पायदळी येणार नाही असं.

बाईसाहेब पाटावर बसल्या. मग थोडं मराठीत, थोडं हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना चतुराबाई भिंत धरून उभी होती. ते नासलेलं नव्हतं. त्याला चीज म्हणतात. दुधाचंच करतात, मुद्दाम फाडून. लढाईमुळे डबे मिळत नाहीत. साहेबांनी किती ठिकाणी सांगून ठेवलं तेव्हा मुंबईहून रेल्वेच्या गार्डाबरोबर एक डबा आला. पेरीनच्या बोर्डिंगात रविवारी बटाट्यांवर ते घालून भाजत. वीस दिवसांत तिने तोंडाने मागितलं ते एवढंच. परवा डॉक्टर म्हणून गेले, की आता हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही.

बाईसाहेबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बटाट्यांकडे बघत राहिल्या.

चतुराबाई पळत नदीवर गेली. जिथे वडी सोडली तिथे पाणी आपलं वाहत होतं. खालच्या अंगाला एका दगडावर कावळा चोच घासत होता. ती तशीच ओल्या लुगड्याने काठावर उभी राहिली. दूध मुद्दाम फाडणारी माणसं असतात, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. पण पोरीने मागितलेला घास आपण वाहवून दिला, हे शिरलं होतं, आणि दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

बटाट्यावर घालायला दुधाचं काहीतरी घट्ट हवं. दूध फाडायला तिचा हात धजला नसता. पण एक दूध असं होतं, की जे न फाडता, न नासता, नुसत्या आचेवर आपसूक घट्ट होतं.

घरी चिकाचं भांडं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. तिने ते उचललं तेव्हा द्वारकाबाई वगारीचं अंग पुसत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कुठं नेऊन राहिलीस?”

“शेजारी.”

“कोण्या शेजारी?”

“जिनाच्या.”

द्वारकाबाईचा हात थांबला. मग ती म्हणाली, “पैसा घेऊ नको. अन भांडं रिकामं आणू नको.”

बंगल्यावर चतुराबाईने बटाटे अर्धवट उकडले, सोलले, पातळ चकत्या केल्या. पातेल्याला तूप लावून एक थर चकत्यांचा, वर मीठ, मिऱ्याची पूड, थोडा परतलेला कांदा; पुन्हा थर. चीक थोडा घुसळून त्यात मीठ घातलं. चिकात गुळाऐवजी मीठ घालताना तिचे डोळे आपोआप मिटले. मग तो चकत्यांवर ओतला. खाली बेताचे निखारे, झाकणावर भरपूर. बाईसाहेबांनी विचारलं, हे काय घातलं. चतुराबाई म्हणाली, आमच्या म्हशीचं दाट दूध. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांची विचारायची ताकद संपली होती.

अर्ध्या तासाने झाकण काढलं तर वरती सोनेरी साय धरलेली, मधे मधे तांबूस फोड. सुरी घातली की थरथरत तुटत होतं. वास खरवसाचा, पण त्यात मिरे आणि कांदा. बाईसाहेब त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या, “तूच घेऊन जा. माझ्या हातचा ती परत पाठवते.”

खोलीत अंधार होता. पेरीन उशीला टेकून बसलेली. चतुराबाईने ताटली पुढे ठेवली. पेरीनने वास घेतला. चमचा उचलला, कडेचा एक तुकडा तोडला, तोंडात घातला. चावला. दुसरा तोडला. दारात उभ्या बाईसाहेबांनी तोंडावर हात धरला. तिसरा, चौथा. पोरगी खात होती. चतुराबाईला वाटलं, आता आपल्याला काही नको.

“हे चीज नाही,” पेरीन म्हणाली. आवाज वापरात नसल्यासारखा खरखरीत होता. “काय घातलंय?”

बाईसाहेबांना दाट दूध म्हणून सांगितलं होतं, पण या पोरीला तसं सांगावंसं चतुराबाईला वाटलं नाही. ती इथलीच होती, तिला कळलं असतं.

“चीक हाय, ताई. काल पहाटं आमची चांदी व्याली.”

चमचा ताटलीच्या काठावर थांबला.

“काय झालं तिला?”

“वगार.”

“पिते?”

“पिते तर. ढुश्या मारून राहिली सारखी. आईला उभं राहू देईना.” हे सांगताना चतुराबाई हसली होती. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

पेरीनने चमचा सोडला. तिने ताटली बाजूला ठेवली. अंगावरची शाल खाली सरकली आणि चतुराबाईने बघितलं. झग्याच्या आत छाती कापडाने करकचून बांधलेली होती. आणि त्या बांधलेल्या कापडातून, झग्यावर, दोन ओले डाग हळूहळू मोठे होत होते.

चतुराबाईने ते डाग ओळखले. अकरा वर्षांपूर्वी ते तिच्या चोळीवर होते.

ताप नव्हता तर. कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. जिचं लेकरू गेलं तिला तिने चीक खाऊ घातला होता, स्वतःच्या हाताने, वर वगारीचं कौतुक सांगत. पेरीन त्या डागांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. बाईसाहेब आत धावल्या. चतुराबाई मागे मागे सरत दाराबाहेर आली, तांब्या विसरली, भांडं विसरली, आणि घरी पोचेपर्यंत तिला रस्ता दिसला नाही.

गोठ्याच्या दारात तिने द्वारकाबाईला सगळं सांगितलं. वडी नदीत सोडली तेही सांगितलं, मीठ घातलं तेही, आणि शेवटी नेम मोडला तेही. आता त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या माथी, एवढं म्हणून ती खाली बसली.

द्वारकाबाई दावं सारखं करत होती. ते तिने खूप वेळ सारखं केलं.

“तसा नेम न्हाई,” ती म्हणाली.

चतुराबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“कुठं बी तसा नेम न्हाई. तवा म्या केला.”

“काहून?”

“तुझ्या चोळीवर आलतं. गोठ्यात वगार वरडली की यायचं. म्या बघत व्हते. तुझ्या ताटात चीक कसा वाढू, सांग.” द्वारकाबाईने दाव्याची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. “आळीतल्या बाया विचारू लागल्या. मंग नेम हाय म्हणलं. नेम म्हणलं की कुणी पुढं विचारत न्हाई.”

“अन मंग? एवढी सालं?”

“तू मागितला न्हाईस. म्या वाढला न्हाई.”

चतुराबाई तिच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं ज्या बाईला ती कठोर समजत होती ती हीच होती, आणि नव्हतीही. रागवावं तर कशावर, हे कळत नव्हतं. रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. वगार ओरडली. दोघींनी एकदमच तिकडे बघितलं.

सकाळी चतुराबाई उठली तर चुलीशी वाटी ठेवलेली होती, गूळ-वेलदोडा घातलेला खरवस. द्वारकाबाई तिथे नव्हती. चतुराबाईने उकिडवं बसून तो खाल्ला. चव तिला आठवत होती तशी नव्हती. आठवत होती त्याहून फिकी होती, आणि ती शेवटच्या कणापर्यंत खात राहिली. मग द्वारकाबाईने दुसरं भांडं भरून तिच्या हातात दिलं. कुठे न्यायचं ते दोघींपैकी कुणी बोललं नाही.

बंगल्याच्या मागच्या पायरीवर पेरीन बसली होती. उन्हात. कालचं भांडं तिच्या मांडीवर होतं, घासलेलं, आत मूठभर तांदूळ. शेजारी चतुराबाईचा तांब्या, झाकून ठेवलेला. तिचे डोळे इतके सुजलेले की उघडेनात. बाईसाहेबांनी नंतर सांगितलं, चतुरा गेल्यावर ती रडायला लागली ती दिवेलागणीपर्यंत. मूल गेल्यापासून पहिल्यांदा. मग उठली आणि पातेल्यात उरलेलं गारढोण तसंच खाल्लं, तळाची खरपुडी खरवडून.

“रिकामं द्यायचं नसतं ना?” पेरीनने भांडं पुढे केलं.

“न्हाई.”

“आणि हे आजचं?”

“आजचा जरा पातळ हाय. उद्याला अजून पातळ व्हईल.”

पेरीनने मान हलवली. थोडी जागा करून सरकली. चतुराबाई पायरीवर टेकली. बऱ्याच वेळाने पेरीन म्हणाली, आलू आज जास्त घाल.

पाच दिवस तसेच आलू झाले. सहाव्या दिवशी दूध नेहमीसारखं पातळ झालं आणि पेरीन वरणभात जेवली. माघात ती मुंबईला गेली तेव्हा टांग्यात स्वतः चढली.

शेहेचाळीस साली साहेबांनी जिनाचं काम सोडलं आणि बंगला रिकामा झाला. त्याच वर्षी हिंगोली स्टेशनावरून हमाल चतुराबाईच्या घरी मुंबईहून आलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. चिठ्ठी नव्हती. असती तरी तिला वाचता आली नसती. रामकिशनने विळ्याने डबा कापला. आत तीच पिवळी वडी.

द्वारकाबाईला तेव्हा दिसत कमी होतं, पण नाक शाबूत होतं. तिने वास घेतला आणि पदर नाकाला लावला. “नासलंय. नदीत सोडून ये.”

“न्हाई, आत्याबाई. हे असंच असतंय.”

चतुराबाईने आलू आणले, चकत्या केल्या, वर ती वडी किसून घातली, झाकणावर निखारे ठेवले. द्वारकाबाईने कणभर जिभेवर घेतलं. तोंड वाकडं केलं, मग हळूहळू चावलं, गिळलं.

“ह्याच्यासाठी उपाशी बसली व्हती व्हय ती पोरगी?”

“ह्याच्यासाठी न्हाई,” चतुराबाई म्हणाली.

डबा तिने राखेने घासला, काठ ठोकून बोथट केले. कुणाला परत द्यायचा, कुठल्या पत्त्यावर, हे काही माहीत नव्हतं. तरी तिने त्यात मूठभर तांदूळ घातले आणि तो फळीवर ठेवला.